सांधा बदलला, वेदनेचे काय?

विशेष प्रतिनिधी

तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी ऑक्टोबर २००० मध्ये डाव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मुंबईच्या ब्रीच कॅन्डी रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा झिजलेला गुडघा बदलता येतो ही गोष्ट देशातील अनेक घरांत पहिल्यांदा पोहोचली. अमेरिकेहून आलेले डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ती शस्त्रक्रिया केली आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघाही बदलला. त्यानंतरच्या पाव शतकात ही शस्त्रक्रिया नवलाईची राहिली नाही. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने १६ ऑगस्ट २०१७ रोजी कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत जीएसटी वगळून ५४ हजार ७२० रुपये ठरवली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेने गुडघेबदलाचा पॅकेजमध्ये समावेश केला. सांधा परवडेल, शस्त्रक्रिया आवाक्यात येईल, याची तजवीज या ना त्या मार्गाने झाली. मात्र त्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेची तजवीज आजही मोठ्या प्रमाणावर रुग्णाचे कुटुंब आणि कोपऱ्यावरचा औषध विक्रेता यांच्यावरच सोडलेली दिसते.

ज्या रुग्णांना डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, इटोरिकॉक्सिब यांसारखी दाहशामक औषधे चालत नाहीत, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. सांधा बदलण्याची वेळ ज्या वयात येते, त्याच वयात रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आणि मूत्रपिंडाच्या तक्रारीही सोबतीला असतात. म्हणजे ज्यांना या गोळ्यांची गरज सर्वाधिक, त्यांच्यापैकीच अनेकांना त्या वर्ज्य. दाहशामकांविना सांधेरोपणानंतरची वेदना आटोक्यात ठेवता येते काय, या प्रश्नाचे वैद्यकशास्त्राचे उत्तर 'होय' असे आहे. पण त्या गोळीच्या जागी दुसरी गोळी ठेवून ते साधत नाही. त्यासाठी शस्त्रक्रियेच्या आधीपासून घरी परतल्यानंतरच्या काही आठवड्यांपर्यंत एक व्यवस्था उभी करावी लागते. आपल्याकडे उणीव आहे ती या व्यवस्थेची.

बळही तेच, धोकाही तोच

दाहशामक औषधांचे कार्य कसे चालते, याचा उलगडा ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये केला आणि प्रोस्टाग्लँडिनविषयीच्या संशोधनासाठी त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक इतर दोघा शास्त्रज्ञांसह विभागून मिळाले. शरीराला इजा झाली की त्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. सूज, लाली, उष्णता आणि ठणका ही त्यांची देणगी. ही द्रव्ये तयार करणाऱ्या 'कॉक्स' या विकरालाच दाहशामक औषधे अटकाव करतात. गुडघेबदलात हाड कापले जाते, स्नायू आणि अस्थिबंध बाजूला सारले जातात. अशा ठिकाणी सूज आणि वेदना या दोहोंवर एकाच वेळी काम करणारे औषध प्रभावी ठरावे, यात नवल नाही. प्रकृती अनुकूल असलेल्या रुग्णाला ती थोड्या दिवसांसाठी देणे योग्यच आहे आणि बहुतेक मार्गदर्शक सूचनांत त्यांना स्थान आहे.

अडचण अशी की, हीच प्रोस्टाग्लँडिने शरीरात इतरत्र रखवालदाराचे काम करतात. जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण त्यांच्यामुळे होते. मूत्रपिंडात रक्त आणणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या खुल्या ठेवण्याचे कामही, विशेषतः शरीरातील पाणी कमी झाले असताना, तीच करतात. दाहशामक गोळी गुडघ्यातील प्रोस्टाग्लँडिन रोखते, त्याच वेळी जठरातील आणि मूत्रपिंडातील रखवालदारही हटवते. 'पोटाला त्रास न देणाऱ्या' म्हणून आलेल्या नव्या पिढीतील औषधांनी जठराचा धोका कमी केला, पण मूत्रपिंडाचा नाही. हृदयाच्या बाबतीत तर त्यांनी नवीच चिंता निर्माण केली. रोफेकॉक्सिब हे औषध निर्मात्या कंपनीला सप्टेंबर २००४ मध्ये जगभरातून मागे घ्यावे लागले, ते हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघाताच्या वाढलेल्या धोक्यामुळे. भारतात सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या इटोरिकॉक्सिबला अमेरिकी औषध प्रशासनाने २००७ मध्ये मान्यता नाकारली होती, हेही येथे लक्षात घ्यायला हवे.

वर्ज्य कोणाला?

मूत्रपिंडाचे कार्य आधीच मंदावलेले रुग्ण या यादीत सर्वांत वर येतात. त्याखालोखाल जठरव्रण किंवा पोटातील रक्तस्रावाचा इतिहास असलेले, हृदय निकामी होण्याचा विकार असलेले, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले आणि अ‍ॅस्पिरिनसारख्या औषधांनी दमा उसळणारे रुग्ण. यकृताचा सिऱ्होसिस असणाऱ्यांनाही ही औषधे टाळावी लागतात.

याशिवाय एक मोठा वर्ग असा आहे की, ज्याला स्वतःला धोका असल्याचे ठाऊकच नसते. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखे औषध, त्याच्या जोडीला लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी आणि त्यावर दाहशामक, अशी तीन औषधे एकत्र आली की मूत्रपिंडावर तिहेरी आघात होतो. पहिली दोन औषधे अनेकदा एकाच गोळीत मिसळून दिलेली असतात, त्यामुळे आपण दोन औषधे घेत आहोत याची रुग्णाला कल्पना नसते. शस्त्रक्रियेनंतर भूक मंदावते, पाणी पिणे कमी होते, शौचालयापर्यंत चालावे लागू नये म्हणून कित्येक ज्येष्ठ स्त्रिया मुद्दाम कमी पाणी पितात. कोरड्या पडलेल्या शरीरात हा तिहेरी आघात काही दिवसांत मूत्रपिंडाचे कार्य बिघडवू शकतो.

दुसरी गोष्ट रक्ताच्या गुठळ्यांची. सांधेरोपणानंतर पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका असल्याने रिव्हारोक्साबॅन, अपिक्साबॅन, हेपारिनची इंजेक्शने किंवा अ‍ॅस्पिरिन असे एखादे औषध काही आठवडे दिले जाते. रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या जोडीला दाहशामक घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यामुळे एरवी धडधाकट असलेल्या रुग्णालाही या काळात मनाने दाहशामक गोळी घेणे महागात पडू शकते.

डायक्लोफिनॅकचा मूत्रपिंडावरील परिणाम या देशाने एका वेगळ्याच संदर्भात पाहिला आहे. या औषधाचा अंश असलेली मेलेली जनावरे खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. पक्ष्यांचे शरीर आणि माणसाचे शरीर यांत फरक आहे, तेव्हा त्या उदाहरणावरून थेट निष्कर्ष काढता येणार नाही. पण गिधाडांसाठी सरकारने जी जागरूकता दाखवली, तिचा काही अंश ज्येष्ठ रुग्णांच्या वाट्याला येणे गैर ठरू नये.

इकडे आड, तिकडे विहीर

दाहशामक नकोत म्हटल्यावर पुढची पायरी बहुधा अफूवर्गीय औषधांची, म्हणजे ओपिऑइडची असते. त्या वाटेने किती दूर जाता येते, हे अमेरिकेने जगाला दाखवून दिले आहे. १९९० च्या दशकात तेथे वेदनेचे मोजमाप नाडी आणि रक्तदाबाच्या पंगतीला बसवले गेले, औषध कंपन्यांनी ओपिऑइड निर्धोक असल्याचा प्रचार केला आणि शस्त्रक्रियेनंतर घरी जाणाऱ्या रुग्णाच्या हाती गोळ्यांच्या बाटल्या दिल्या जाऊ लागल्या. २०२१ या एका वर्षात तेथे नशेच्या औषधांच्या अतिसेवनाने एक लाखाहून अधिक मृत्यू झाले आणि त्यांतील बहुतांश मृत्यूंत ओपिऑइडचा संबंध होता. अलीकडच्या मृत्यूंत बेकायदा फेंटानिलचा वाटा मोठा असला, तरी या साथीची सुरुवात डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील गोळ्यांनीच झाली होती.

भारतातील चित्र नेमके उलटे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कडक तरतुदींमुळे मॉर्फिनसारखी औषधे बहुतेक रुग्णालयांच्या आवाक्याबाहेर गेली. २०१४ च्या दुरुस्तीने वैद्यकीय वापराची वाट काहीशी सुकर केली, पण अनेक ठिकाणी धास्ती कायम राहिली. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉलही या कायद्याच्या कक्षेत आले. त्याचा गैरवापर होत होता, हे खरेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर महाराष्ट्रातील एका कंपनीत तयार झालेल्या टॅपेन्टाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉलच्या मिश्रणाच्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जात असल्याचे बीबीसीने उघडकीस आणले आणि केंद्र सरकारला त्या मिश्रणाच्या उत्पादन व निर्यातीच्या परवानग्या मागे घ्याव्या लागल्या. नियंत्रणाची गरज त्यामुळे अधोरेखित होते. मात्र नियंत्रण एका बाजूला कडक आणि दाहशामकांच्या विक्रीवर प्रत्यक्षात जवळपास मोकळीक, अशा स्थितीत रुग्णाचा हात आपसूक दाहशामकांकडेच वळतो.

ज्येष्ठांच्या बाबतीत ओपिऑइडच्या मर्यादाही मोठ्या आहेत. मळमळ, बद्धकोष्ठता, गुंगी आणि तोल जाणे यांमुळे नवा सांधा घेऊन घरी आलेला रुग्ण पडण्याची भीती असते. ट्रामाडॉलने अपस्माराचा झटका येऊ शकतो आणि नैराश्यावरील काही औषधांबरोबर ते धोकादायक ठरते. मूत्रपिंड मंद असल्यास ट्रामाडॉलची मात्रा कमी करावी लागते, तर मॉर्फिनचे अवशेष शरीरात साठत जातात. अशा रुग्णांसाठी फेंटानिल किंवा ब्युप्रेनॉर्फिन तुलनेने सुरक्षित मानले जाते, पण त्यांचा निर्णय तज्ज्ञानेच घ्यायला हवा. सारांश, ओपिऑइड हा पहिल्या काही दिवसांत, कमीत कमी मात्रेत आणि वेदना असह्य झाली तरच वापरण्याचा राखीव उपाय आहे. रोजचा आधार तो होऊ शकत नाही.

वेदनेला चहूबाजूंनी वेढा

मग मार्ग कोणता? डॅनिश शल्यविशारद हेन्रिक केहलेट आणि त्यांचे सहकारी डाल यांनी १९९३ मध्ये एक साधा विचार मांडला. वेदनेचा संदेश जखमेपासून मेंदूपर्यंत अनेक टप्पे पार करत जातो. एकाच औषधाची मात्रा वाढवत नेण्यापेक्षा प्रत्येक टप्प्यावर थोडा थोडा अडथळा उभा केला, तर प्रत्येक औषध कमी लागते आणि दुष्परिणामही कमी होतात. सांधेरोपणानंतरच्या वेदनाशमनाचा आजचा सारा डोलारा या विचारावर उभा आहे आणि दाहशामक वगळूनही तो उभा राहू शकतो, कारण त्याला इतर खांब आहेत.

पहिला खांब भूलतज्ज्ञाचा. पाठीच्या मणक्यात भूल देऊन शस्त्रक्रिया केल्यावर मांडीच्या आतील बाजूस 'अ‍ॅडक्टर कॅनॉल' या भागात सोनोग्राफीच्या साहाय्याने औषध सोडून गुडघ्याकडे जाणाऱ्या संवेदी नसा बधिर केल्या जातात. पूर्वी जांघेतील मोठी नस बधिर केली जात असे. त्याने वेदना थांबे, पण मांडीच्या स्नायूतील ताकदही जाई आणि रुग्ण पडण्याचा धोका निर्माण होई. नव्या पद्धतीत स्नायू बराचसा काम करत राहतो, त्यामुळे रुग्णाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे करता येते.

दुसरा खांब शल्यविशारदाचा. शस्त्रक्रिया चालू असतानाच सांध्याभोवतालच्या ऊतींत बधिरतेच्या औषधाचे मिश्रण टोचले जाते. सिडनीतील केर आणि कोहान या डॉक्टरांनी या पद्धतीचा अनुभव २००८ मध्ये प्रसिद्ध केला. डॉ. राणावत यांनीही २००७ मध्ये या वाटेचा पुरस्कार करणारे लेखन केले होते. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. या मिश्रणात बधिरतेच्या औषधाबरोबर केटोरोलॅक घालण्याची प्रथा आहे आणि केटोरोलॅक हे स्वतःच दाहशामक औषध आहे. म्हणजे गोळ्यांच्या यादीतून दाहशामक वगळले, तरी ते इंजेक्शनातून शरीरात जाऊ शकते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णाने ही बाब केवळ अस्थिरोगतज्ज्ञाला सांगून थांबू नये. भूलतज्ज्ञालाही शस्त्रक्रियेपूर्वी स्पष्ट सांगायला हवी. केटोरोलॅक वगळूनही हे मिश्रण तयार करता येते.

तिसरा खांब डेक्सामेथासोनचा. हे स्टिरॉइड आहे. दाह तेही कमी करते, पण ते दाहशामक गोळ्यांच्या गटातले नाही. डेन्मार्कमधील ४८५ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये 'बीएमजे'त प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या वेळी व दुसऱ्या दिवशी अशा दोन मात्रा दिलेल्यांना पहिल्या ४८ तासांत मॉर्फिन कमी लागल्याचे दिसले. मधुमेही रुग्णांत त्याने साखर वाढते, त्यामुळे तेथे तारतम्य बाळगावे लागते. युरोपातील 'प्रॉस्पेक्ट' या तज्ज्ञगटाने २०२२ मध्ये गुडघेबदलासाठी दिलेल्या शिफारशींत पॅरासिटामॉल, डेक्सामेथासोन, अ‍ॅडक्टर कॅनॉलमधील बधिरता आणि सांध्याभोवतालचे इंजेक्शन यांना स्थान आहे. दाहशामकेही त्यात आहेत, पण ज्यांना ती चालत नाहीत त्यांच्यासाठी उरलेले चार उपाय शिल्लक राहतातच.

याउलट, भारतात सढळ हाताने लिहून दिल्या जाणाऱ्या प्रीगाबालिन आणि गाबापेंटिन या औषधांविषयी पुनर्विचाराची गरज आहे. २०२० मध्ये २८१ चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेत त्यांचा रुग्णाला जाणवण्याजोगा लाभ आढळला नाही, आणि अमेरिकी औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये वृद्ध तसेच ओपिऑइड घेणाऱ्या रुग्णांत श्वास मंदावण्याचा इशारा दिला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या सुझेट्रिजिन या नव्या औषधाची बरीच चर्चा झाली. ते ओपिऑइड नाही आणि दाहशामकही नाही. पण मान्यतेसाठीच्या मुख्य चाचण्या पायाच्या अंगठ्याजवळील हाडाच्या आणि पोटाच्या शस्त्रक्रियांवर झाल्या होत्या. त्यामुळे गुडघ्याच्या रुग्णाने त्यावर आताच आशा लावून बसण्यात अर्थ नाही.

पॅरासिटामॉलचा हिशेब

या साऱ्यात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित औषध म्हणजे पॅरासिटामॉल. 'ती तापाची गोळी, तिने काय होणार,' अशी भावना घरोघरी आढळते. ती दुखू लागल्यावर एखादी घेतली, तर खरोखरच फारसे काही होत नाही. पण घड्याळाच्या काट्यावर, ठरावीक अंतराने, वेदना असो वा नसो, अशी घेतली की ती इतर उपायांना भक्कम पाया देते. धडधाकट प्रौढाची दिवसाची कमाल मर्यादा चार ग्रॅम समजली जाते. कृश, वयोवृद्ध किंवा यकृताचा विकार असलेल्यांसाठी डॉक्टर ती तीन ग्रॅम किंवा त्याहूनही खाली ठेवतात. मद्यपान करणाऱ्यांनी तर अधिकच जपायला हवे.

गफलत होते ती मिश्रणांमुळे. भारतीय बाजारात अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल यांचे मिश्रण असलेल्या गोळ्यांची रेलचेल आहे. नावाच्या शेवटी 'पी' असेल तर त्याचा अर्थ बहुधा पॅरासिटामॉल आणि 'एसपी' असेल तर सेराटिओपेप्टिडेझसह पॅरासिटामॉल. त्यातील मुख्य औषध मात्र दाहशामक असते. ट्रामाडॉलच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. परिणामी दोन प्रकारच्या चुका संभवतात. दाहशामक टाळायचे म्हणून 'पॅरासिटामॉलवाली गोळी द्या' म्हणणाऱ्या रुग्णाच्या हाती अ‍ॅसिक्लोफिनॅकचे मिश्रण पडते. किंवा पॅरासिटामॉल स्वतंत्र आणि मिश्रणातून असे दुहेरी जाऊन मर्यादा ओलांडली जाते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ औषध मिश्रणांवर बंदी घातली. त्यात अ‍ॅसिक्लोफिनॅक ५० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅमच्या गोळीचाही समावेश होता. मात्र अधिक मात्रेची मिश्रणे त्या बंदीच्या बाहेर राहिली.

घरातील सहा आठवडे

रुग्णालयातील पहिले दोन-तीन दिवस वेदना तुलनेने आटोक्यात असते, कारण बधिरतेचा अंमल असतो आणि परिचारिका वेळेवर औषध देत असतात. बधिरता उतरली की वेदना अचानक उसळते. याची पूर्वकल्पना नसलेला रुग्ण घाबरतो आणि शस्त्रक्रिया फसली की काय, अशी शंका घेतो. बधिरता उतरण्याआधीच तोंडाने घ्यायची औषधे सुरू करणे, हा त्यावरचा सोपा उपाय. दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे. तेथे तर हा प्रश्न दुणावतो.

घरी आल्यावर बर्फाचा शेक हे सर्वांत सुलभ साधन. त्याच्या लाभाचे पुरावे फार भक्कम नाहीत, पण हानी नगण्य आणि खर्च जवळपास शून्य. बर्फ फडक्यात गुंडाळून, एका वेळी पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून अनेकदा, विशेषतः व्यायामानंतर लावावा. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्यांनी अधिक काळजी घ्यावी. पाय हृदयापेक्षा उंच ठेवल्यास सूज उतरते, मात्र उशी टाचेखाली आणि पोटरीखाली हवी. गुडघ्याखाली उशी ठेवून तो वाकवलेला ठेवण्याचा मोह आवरायला हवा, कारण त्याने गुडघा पुढे पूर्ण सरळ होत नाही. गरम पाण्याची पिशवी सुरुवातीच्या दिवसांत सूज वाढवते. तेल लावून पोटरी रगडण्याची घरगुती पद्धत तर गुठळीच्या भीतीमुळे कटाक्षाने टाळायला हवी. 'सांधेदुखीवर रामबाण' म्हणून मिळणाऱ्या चूर्णांत स्टिरॉइड किंवा दाहशामक मिसळलेले आढळल्याची उदाहरणे आहेत. ज्याला ही औषधे वर्ज्य आहेत, त्याला ती नकळत देणारा हा चोरदरवाजा ठरतो.

व्यायाम आणि वेदना यांचे नाते तर उलटसुलट आहे. व्यायामाने दुखते म्हणून तो टाळला जातो. टाळल्याने सांधा आखडतो आणि आखडलेला सांधा अधिक दुखतो. काही रुग्णांना पुन्हा भूल देऊन गुडघा वाकवून घेण्याची वेळ येते. म्हणूनच 'शस्त्रक्रिया म्हटली की दुखणारच, सोसायला हवे' हा सल्ला वरवर करारी वाटला तरी नुकसानकारक आहे. वेदनाशमन हवे ते आरामासाठी, आणि त्याहूनही अधिक, हालचाल शक्य व्हावी यासाठी. पॅरासिटामॉलची वेळ फिजिओथेरपीच्या अर्धा-पाऊण तास आधी येईल अशी आखणी केली, तर त्याच गोळीचा उपयोग दुप्पट होतो. रात्रीची वेदना हा वेगळा त्रास. दिवसभराची सूज रात्री ठणकते. झोपेपूर्वी बर्फ, औषधाची शेवटची मात्रा आणि संध्याकाळी उशिराचे चालणे टाळणे यांनी तो सुसह्य होतो.

कोणती वेदना स्वाभाविक आणि कोणती धोक्याची, हेही कुटुंबाला ठाऊक असावे लागते. दिवसागणिक हळूहळू उतरणारी वेदना स्वाभाविक. उतरलेली वेदना पुन्हा चढू लागली, ताप आला, जखमेतून स्राव वाहू लागला, तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. पोटरी सुजून दुखू लागली किंवा छातीत दुखून धाप लागली, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. अशा वेळी वेदनाशामकाची मात्रा वाढवत बसणे म्हणजे धोक्याची घंटा बंद करून आग तशीच ठेवणे.

पंधरा दिवसांचे पॅकेज, तीन महिन्यांचे दुखणे

आता धोरणाकडे वळता येईल. आयुष्मान भारत योजनेत रुग्णाला घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांच्या औषधोपचारांचा समावेश आहे. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस ही योजना उत्पन्नाची अट न ठेवता सत्तरी ओलांडलेल्या सर्व नागरिकांना लागू करण्यात आली. हे पाऊल स्वागतार्हच. पण दाहशामके ज्यांना सर्वाधिक घातक, तोच हा वयोगट. सांधेरोपणानंतरची लक्षणीय वेदना सहसा सहा आठवडे ते तीन महिने टिकते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार गुडघा बदललेल्यांपैकी १० ते ३४ टक्के रुग्णांत दीर्घकाळ वेदना उरते. सोळाव्या दिवसापासून या रुग्णांचा वाली कोण? कागदोपत्री दाहशामके डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकता येत नाहीत. प्रत्यक्षात जुनी स्ट्रिप दाखवली की नवी मिळते. मूत्रपिंडाची तपासणी, औषधांची फेरतपासणी, यांतले काहीही त्या व्यवहारात होत नाही.

खासगी रुग्णालयांची स्थिती फारशी वेगळी नाही. पॅकेजचा दर सांध्याच्या कंपनीवर आणि खोलीच्या दर्जावर ठरतो. भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या साहाय्याने नसा बधिर करणार काय, घरी गेल्यावर वेदनेसाठी फोन कोणाला करायचा, याचा उल्लेख माहितीपत्रकात क्वचितच असतो. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचा खर्च बहुतेक कुटुंबे खिशातून करतात आणि पैसे संपले की व्यायामही थांबतो.

यावरचे उपाय खर्चिक नाहीत. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत क्रिएटिनिन पाहिले जातेच. त्यावरून आणि चालू औषधांवरून 'दाहशामक वर्ज्य' अशी ठळक नोंद केसपेपरवर, भूलतज्ज्ञाच्या पत्रकावर आणि डिस्चार्ज कार्डावर करता येईल. घरी सोडताना मराठीत छापलेले एक वेळापत्रक देता येईल. त्यात कोणती गोळी किती वाजता, कोणती गोळी कधीच नाही आणि कोणत्या लक्षणांना घाबरायचे, एवढे असले तरी पुरे. सरकारी पॅकेजमध्ये नसा बधिर करण्याचा खर्च स्पष्टपणे धरणे, औषधांची मुदत १५ दिवसांवरून सहा आठवड्यांवर नेणे आणि त्यात फिजिओथेरपीच्या ठरावीक भेटी समाविष्ट करणे, हे निर्णय शासनाच्या हाती आहेत. औषध मिश्रणांच्या वेष्टनावर दाहशामक असल्याचा इशारा मोठ्या अक्षरांत मराठी-हिंदीत छापण्याची सक्तीही अशक्यप्राय नाही.

तोवर काही जबाबदारी रुग्णाच्या कुटुंबाने उचलणे भाग आहे. शस्त्रक्रियेची तारीख ठरवताना चार प्रश्न विचारले जावेत. मूत्रपिंडाचा अहवाल पाहता दाहशामके चालतील काय? चालत नसतील तर त्याऐवजी कोणती योजना आहे? सांध्याभोवतीच्या इंजेक्शनात केटोरोलॅक असेल काय? आणि घरी गेल्यावर मध्यरात्री वेदना असह्य झाली, तर संपर्क कोणाशी साधायचा? सांधा कोणत्या कंपनीचा, हा प्रश्न आज प्रत्येक कुटुंब विचारते. त्या जोडीला हे चार प्रश्न विचारले गेले आणि रुग्णालयांना त्यांची उत्तरे द्यावी लागली, तर नव्या गुडघ्यासाठी मूत्रपिंड पणाला लावण्याची वेळ अनेकांवर येणार नाही.